पितळेची खीळ

सायकल पुन्हा मोडली, आणि पुन्हा नव्याच ठिकाणी मोडली.

शलाका उकिडवी बसून मोटारीखालच्या पट्टीकडे बघत होती. बोटाएवढी जाड लोखंडी पट्टी, आणि तिच्यातून केसासारखी बारीक भेग आरपार गेलेली. सगळ्यात आधी साखळी तुटली होती. तिथे मोटरसायकलची जाड साखळी बसवली, तर चाकाचे स्पोक गेले. मोटरसायकलचं चाक बसवलं, तर फ्रेमच्या मागच्या दांड्या पिळवटल्या. त्या कापून मोटरसायकलचा चिमटा (मागचं चाक धरून ठेवणारा दुहेरी दांडा) जोडला, तर आता ही पट्टी. जी वस्तू भक्कम करावी ती शाबूत राहायची आणि तिची शेजारीण जायची.

शेडच्या दारात खुर्चीवर बसलेला तिचा भाऊ नचिकेत, म्हणजे नचू, मान लांब करून बघत होता. मग त्याने विचारलं, "ताई, हिच्या आत काय फिरतंय गं?"

शलाकाला हसू आलं नाही. तिलाही तसंच वाटत होतं. काहीतरी सायकलीत शिरतंय आणि दर वेळी नवं दार शोधून बाहेर पडतंय.

कातळवडी हे त्यांचं गाव डोंगराच्या पायथ्याशी, आणि शाळा वर पठारावर. पूर्वी शाळेची विजेवरची गाडी घाटरस्त्याने मुलांना वर न्यायची. मागच्या वर्षी दरड कोसळली आणि तो रस्ता अर्ध्यातून दरीत गेला. नवा व्हायला अवकाश होता. उरली ती डोंगराच्या कडेकडेने जाणारी पाऊलवाट, दोन म्हशी शेजारी शेजारी जाणार नाहीत एवढी अरुंद. माल नेणारे ड्रोन डोक्यावरून जात, पण माणसं नेण्याची त्यांना परवानगी नव्हती. बाकीची पोरं आपली चालत जायची. नचूचे पाय जन्मापासूनच दुबळे. घरातल्या घरात तो कुबड्यांवर फिरायचा, अंगणातल्या पेरूपर्यंत जायचा आणि परत यायचा. डोंगर कुठला चढणार?

बाबा रत्नागिरीच्या बंदरात नोकरीला होते. त्यांनी पुण्याच्या एका निवासी शाळेत नचूसाठी जागा मिळवली होती. चांगली शाळा होती ती, कुणी नाही म्हणावं असं काही नव्हतं. पण नचू झोपेत बोलायचा आणि शलाका झोपेतच त्याला उत्तर द्यायची. सकाळी दोघांनाही काही आठवत नसे, ऐकून असायची ती फक्त आई. नचू पुण्याला गेल्यावर झोपेत कोणाशी बोलेल, हा प्रश्न शलाकाला भर वर्गात पडायचा.

शेवटी बाबांनी एक गोष्ट कबूल केली होती. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी नचू काहीतरी करून वर पोचला, आणि ते बघून त्यांचा जीव थाऱ्यावर राहिला, तर तो इथेच शिकेल. नाहीतर पुणे.

म्हणून ही विजेच्या मोटारीची सायकल, चालवणाऱ्याच्या मागे नचूची बैठक. आईच्या वडिलांची, आप्पांची, शेड होतीच. पेट्रोलच्या मोटरसायकली रस्त्यांवरून कधीच्या गेल्या, पण आप्पांकडे त्यांचं अख्खं गोकुळ नांदत होतं. चाकं, चिमटे, ब्रेक, साखळ्यांची वेटोळी. तरुणपणी आप्पा कोल्हापूरच्या कारखान्यांत घडले होते आणि त्यांचा एक रिवाज होता. वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ती ऐरणीवर ठेवायची आणि वर घण घालायचा. वाकली नाही तर द्यायची, वाकली तर भंगारात. पंचक्रोशीत म्हण पडली होती, माणूस मोडेल पण आप्पांचा नट मोडायचा नाही.

आणि आता त्याच आप्पांची सायकल पुन्हा पुन्हा मोडत होती. चौथ्या वेळी त्यांनी पट्टीवरची भेग अंगठ्याने चाचपली आणि हिच्या जागी रेल्वेचा रूळच कापून लावतो, असं काहीसं पुटपुटले.

त्या दिवशी शलाका शेडच्या मागच्या कोपऱ्यात गेली आणि तिने पारखीवरचं पोतं काढलं.

पारखी म्हणजे बंद पडलेल्या एका ओतकाम कारखान्यातून आप्पांनी आणलेला यंत्रमानव. त्याची उंची स्टुलाएवढी. तीन पाय, दोन बारीक हात, आणि बगळ्यासारख्या लांब मानेवर एकच मोठा डोळा. ओतलेल्या लोखंडात कुठे दोष आहे हे बघणं, एवढंच त्याचं काम. आप्पांनी त्याला आणून कोपऱ्यात ठेवला आणि विसरले, कारण घण असताना पारख कशाला हवी?

वीज मिळताच पारखीने मान वर केली, सगळ्यांना नमस्कार केला आणि आपण कोण, हे आदराने विचारलं. नचूला आजवर कोणी 'आपण' म्हटलं नव्हतं. तो ताठ बसला.

शलाकाने सगळी हकिकत सांगितली. पारखीने मोडलेले तुकडे एकेक करून डोळ्यासमोर धरले. साखळीची कडी, स्पोक, दांडी, पट्टी. मग त्याने विचारलं, हे सगळं एकाच जागी मोडलं का? शलाका विचारात पडली. खरंच की. गावाबाहेरच्या चढाला, वळणावर, पाणी वाहून पडलेली एक चर वाटेला आडवी गेली होती. चाक त्या चरीत अडकायचं आणि कडकन काहीतरी तुटायचं.

"मग वस्तूंचा दोष शोधण्याआधी आपण जोराची वाट शोधू," पारखी म्हणाला. "आपली एखादी मोजपट्टी देता का? पारदर्शक हवी."

नचूने कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी दिली. पारखीने आपल्या पोटातली डबी उघडून एक काळसर चष्मा काढला आणि नचूच्या डोळ्यांवर चढवला. आपल्या डोळ्याजवळचा दिवा लावून त्याने पट्टी दिव्यासमोर धरली, आणि दोन्ही टोकांना धरून किंचित वाकवली.

नचू खुर्चीत पुढे सरकला. साध्या, ओरखडे पडलेल्या पट्टीत रंग उमलले होते. जांभळा, निळा, पिवळा, गुलाबी, एकापुढे एक पट्टे. पारखीने पट्टी आणखी वाकवली तसे ते पट्टे दाटीवाटीने मध्यभागाकडे धावले. त्याने सैल सोडली तसे ते पांगून विरून गेले.

शलाकाने चष्मा घेतला, आप्पांनी मात्र घेतला नाही. जत्रेतल्या डबीत असलंच असतं म्हणाले आणि कामाला लागले.

पारखी समजावून सांगू लागला. प्रकाश हा लहरींचा असतो. दोरी हलवली की जशी लाट वर-खाली जाते, किंवा डावी-उजवीकडे जाते, तशा प्रकाशाच्या लहरी एरवी सगळ्या दिशांनी थरथरत असतात. त्याच्या दिव्यावर आणि या चष्म्यात ध्रुवक (एकाच दिशेच्या थरथरीला वाट देणारी काच) होता. दिव्यावरच्या ध्रुवकातून शिस्तीत आलेली लहर प्लास्टिकमध्ये शिरते. प्लास्टिक सैल असेल तर ती तशीच पार होते. पण प्लास्टिकमध्ये ताण (आतल्या कणांची एकमेकांशी चाललेली ओढाताण) असेल, तर लहरीच्या दोन लहरी होतात. त्यातली एक थोडी मागे पडते. चष्म्यात पुन्हा गाठ पडते तेव्हा त्यांची पावलं चुकलेली असतात, आणि त्या चुकामुकीत काही रंग पुसले जातात, काही उरतात. जितका ताण जास्त, तितकी पावलांची चुकामूक मोठी. म्हणून रंग जिथे दाटतात, तिथे ताण दाटलेला असतो.

"म्हणजे ओढाताण दिसते," शलाका हळूच म्हणाली.

डबीत एक पारदर्शक लेपही होता. लोखंडावर तो लावला की लोखंड जेवढं ताणलं जातं तेवढाच तोही ताणला जातो, आणि जी गोष्ट लोखंड दाखवत नाही ती तो दाखवतो. दोघा भावंडांनी मिळून सायकलभर लेप लावला. नचू बसल्या जागेवरून स्पोक रंगवत होता. नाकाला लागला, कानाला लागला, आईने संध्याकाळी अर्धा तास घासून काढला.

नवी पट्टी बसली, लेप वाळला, आणि आप्पांनी अंगणात दगडाची एक उंच पायरी केली. नचूच्या जागी वाळूची पोती बांधली. मागचं चाक पायरीला टेकवलं, पारखीने दिवा रोखला आणि आप्पांनी मोटार हळूच, अगदी हळूच सुरू केली.

शलाकाने चष्म्यातून बघितलं, आणि तिने आयुष्यात बघितलेली ती सगळ्यात सुंदर गोष्ट होती.

मोटारीच्या दांड्यातून रंग उगवला. तो पुढच्या लहान स्प्रॉकेटमध्ये (साखळी ओढणाऱ्या दातेरी चकतीत) शिरला. साखळीच्या वरच्या बाजूने कडीकडीने झिरपत मागे गेला, खालची बाजू मात्र कोरी राहिली. मागच्या मोठ्या स्प्रॉकेटवर तो पसरला, चाकाच्या मधल्या हबमधून स्पोकांमध्ये उतरला, एकेका स्पोकला उजळत रबरापर्यंत, आणि तिथून दगडात. इतक्यावर संपलं नाही. दगडाने तो परत दिला. चाकाच्या आसातून चिमट्यात, चिमट्यातून फ्रेममध्ये, फ्रेममधून मोटारीखालच्या पट्टीत, आणि फिरून मोटारीपाशी. एक रंगीत नदी, जिथून निघाली तिथेच येऊन मिळणारी. मेलेल्या मोटरसायकलींचे ते काळे, तेलकट तुकडे आतून असे जिवंत असतील हे कोणाला वाटलं असतं?

मोटार बंद करून पारखी म्हणाला, हीच जोराची वाट. मोटार जे फिरवते त्याला आघूर्ण (फिरवणारा जोर) म्हणतात. पुढची चकती लहान आणि मागची मोठी, त्यामुळे चाक सावकाश फिरतं पण आघूर्ण वाढतं, म्हणून तर चढ चढता येतो. चाक फिरतंय तोवर ठीक. चाक चरीत अडकलं की मात्र ताण चढत जातो, सगळ्या वाटेवर एकदम.

नचूने विचारलं की मग तेवढ्यात वीज का तोडायची नाही. पारखीने मान डोलावली, प्रश्न चांगला होता. पण जोरात धावणारा माणूस नको म्हटल्यावर जागच्या जागी थांबतो का? फिरणारी जड मोटारही थांबत नाही. वीज गेल्यावरही एक शेवटचा हिसका ती देतेच, आणि तो हिसकाच मोडतो.

"साखळी दुबळी होती म्हणून तुटली, हे खरं," पारखी म्हणाला. "पण साखळी तुटली म्हणून स्पोक वाचले, हेही खरं. आपण साखळी बळकट केलीत. जोर कमी झाला नाही. तो फक्त पुढच्या घरी गेला."

शलाका सायकलीभोवती फिरली. तीन वेळा त्यांनी जोराला पुढच्या घरी पाठवलं होतं. आता पट्टीही जाड झाली होती. पुढचं घर कुठलं? तिने चष्मा लावला आणि मोटार जरा सुरू करायला लावली. फ्रेमच्या मागे, नचूच्या बैठकीखाली, एक जोड होता. तिथे गुलाबी आणि हिरवे पट्टे एकमेकांना चिकटून बसले होते. तिने मोटार बंद करायला लावली.

मग उपाय काय? प्रत्येक गोष्ट जाडच करत गेलं तर सायकल जागची हलायची नाही. पारखीने भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर एक शेपूटतुटकी पाल होती.

शलाकाला उमजायला थोडा वेळ लागला. पाल शेपूट सोडते म्हणून पाल वाचते. शेपूट तुटायचीच असते, तुटायला सोयीची असते, आणि पुन्हा येते. घरातला फ्यूज तसाच. म्हणजे या वाटेवर एक अशी वस्तू ठेवायची जी सगळ्यांच्या आधी तुटेल. कुठे तुटायचं हे जोराने का ठरवावं, आपण ठरवायचं.

मोटारीचा दांडा आणि पुढचं स्प्रॉकेट यांच्या आरपार एक भोक पाडायचं, आणि त्यात पितळेची बारीक खीळ घालायची. चढावर नचूचं वजन ओढण्याइतकी ती बळकट असेल, पण चाक अडकलं तर मटकन तुटेल आणि मोटार नुसतीच मोकळी फिरेल. ब्रेक तर चाकांवर वेगळे होतेच, खीळ तुटली तरी ते चाक जागेवर धरून ठेवतील.

आप्पांनी ऐकून घेतलं. कमकुवत वस्तू या शेडमधून आजवर बाहेर पडली नाही, एवढंच बोलले आणि खीळ बनवून दिली.

शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी शेवटची चाचणी होती. बाबा घरी आले होते आणि आईबरोबर नचूची बॅग भरायची की नाही यावर हळू आवाजात बोलत होते. अंगणात पुन्हा पोती बांधली, चाक पायरीला टेकलं, या वेळी मोटार जोरात द्यायची होती. आप्पांनी मूठ पिळली. शलाका चष्म्यातून खिळीकडे बघत टक आवाजाची वाट बघू लागली.

टक आलाच नाही. रंग खिळीपाशी आले, आणि दार उघडंच असावं तसे आरपार गेले. साखळी, चाक, चिमटा, फ्रेम. बैठकीखालच्या जोडावर पट्टे इतके दाटले की वेगळे दिसेनात.

"आप्पा, थांबवा."

त्यांनी थांबवलं. शलाकाने खीळ ठोकून बाहेर काढली. बाहेरून पितळेसारखीच दिसणारी टोकं, पण मधला दांडा पांढरा आणि थंड. पोलाद. मोटरसायकलच्या इंजिनातलं, पाणी दिलेलं पोलाद.

आप्पांनी लपवलं नाही. सवयीने पितळेची खीळ ऐरणीवर ठेवली होती, घण घातला होता, आणि ती गवताच्या काडीसारखी वाकली होती. मग त्यांना झोप लागली नव्हती. "नातू बसणार हाय त्याच्यावर," ते म्हणाले. "असली काडी घालून कसं देऊ गं पोरी? न मोडणारी केली. माझं काय चुकलं?"

शलाकाला ओरडावंसं वाटलं, आणि रडावंसंही. तिने दोन्ही केलं नाही. चष्मा काढून आप्पांच्या हातात दिला.

"आप्पा, जोर संपत नाही. खीळ तुटली नाही तर तो पुढं जातो. आणि पुढं नचू बसलाय."

आप्पांनी चष्मा लावला. शलाकाने मोटार किंचित सुरू केली. म्हाताऱ्याची नजर मोटारीपासून निघाली आणि रंगांच्या मागून चालत गेली, साखळीवरून, चाकातून, चिमट्यावरून, आणि बैठकीखाली येऊन थांबली. हात पुढे करून त्यांनी तो जोड चाचपला. बोटाला काहीच लागत नव्हतं, थंडगार लोखंड फक्त.

"जन्मभर ह्ये माझ्या हाताखालनं गेलं," ते म्हणाले, "आणि मी एकदाबी बघितलं न्हाई."

दुपारभर लेथ फिरत होता. आप्पांनी पितळेच्या मूठभर खिळी कातल्या. पारखीने सांगितलेल्या मापाने एका लांब दांड्याला वाळू टांगून त्यांनी त्यातल्या काही तोडून पाहिल्या. इतक्या वजनाला टिकली पाहिजे, तितक्याला तुटली पाहिजे. एक हट्टी निघाली, तुटेना. ती त्यांनी उचलली आणि भंगारात टाकली. घण बिचारा कोपऱ्यात उभा होता.

सकाळी सगळे निघाले. नचू पट्टा बांधून मागे, खिशात राखीव खिळी. शलाका पुढे. सायकल माणसाच्या चालीने चढत होती. बाबा एका बाजूला, आई मागे, आणि आप्पा काठी टेकत सगळ्यांत शेवटी. चढ लागला. बाबांचा हात सारखा नचूच्या पाठीपर्यंत जाऊन परत येत होता.

वळणावर चर आली. शलाकाने वेग कमी केला, पण चाक उतरलं आणि कडेच्या दगडाला अडलं.

टक.

मोटार मोकळी घुं घुं करू लागली. शलाकाने ब्रेक दाबले. सायकल होती तिथे उभी राहिली, एक बोटभरसुद्धा मागे सरकली नाही. खाली दरी होती. बाबांचा चेहरा उतरला.

"झालं," ते म्हणाले. "मोडली."

मागून नचूचा आवाज आला, शांत, मोठ्या माणसासारखा. "मोडली नाही बाबा. वाचली."

त्याने खिशातून नवी खीळ काढून पुढे केली. शलाकाने तुटलेले तुकडे ठोकून काढले, नवी बसवली. बाबा बघत होते. मग ते खाली बसले आणि वाटेवरचे दगड उचलून चरीत भरू लागले. एक, आणखी एक, वर माती, पायाने दाबून. आईनेही पदर खोचला. चर बुजली तशी सायकल तिच्यावरून सावकाश, काही न म्हणता, पलीकडे गेली.

पठारावर वारा होता. शाळेच्या फाटकाशी पोरांचा गराडा पडला. एकीने विचारलं की हिच्यावर आमची आजी बाजाराला जाईल का, दुसऱ्याने विचारलं की हिचा हॉर्न कसा वाजतो. नचूचं लक्ष भलतीकडेच होतं. शाळेमागे पवनचक्क्यांची रांग उभी होती. त्यांची पाती ढगांना हात लावल्यासारखी फिरत होती. वर्षभरात त्याने त्या इतक्या जवळून पाहिल्याच नव्हत्या.

"बाबा," तो वर बघतच म्हणाला, "वादळ आलं की त्यांच्यात आधी काय तुटायचं, ते कुणी ठरवलंय?"

बाबांनी वर पाहिलं. त्यांना माहीत नव्हतं. शलाकालाही माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसणं तिला फार आवडलं. आत घंटा झाली. बाबांनी वाकून नचूचा पट्टा सोडला आणि कुबड्या त्याच्या हातात दिल्या.

"आत्ता वर्गात जा," ते म्हणाले. "उद्या आलास की गुरुजींना विचार."